दरोडेखोराच्या अंगावरचं चिलखत

मागच्या भागात आपण अनुभवाचे गुण आणि लेव्हल यांचं गणित पाहिलं. शत्रू मारला की गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते आणि लेव्हल वाढली की पात्राच्या अंगात बळ येतं. आता प्रश्न समोरच्या बाजूचा. खेळाडू बलवान होत असताना शत्रूंनी काय करायचं? आहेत तसेच राहायचं, की त्यांनीही वाढायचं? ॲक्शन आरपीजी बनवणाऱ्या प्रत्येकाला हे ठरवावं लागतं. आणि इथे गणित चुकलं, तर बाकी सगळं उत्तम असूनही खेळ मनातून उतरतो.

मार्च २००६ मध्ये बेथेस्डाचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ आला. बनवणाऱ्यांची अडचण खरी होती. सिरोडिल हा अख्खा प्रांत पहिल्यापासून मोकळा. तुरुंगाखालच्या भुयारातून बाहेर पडायचं आणि मन मानेल त्या दिशेने चालू लागायचं. खेळाडू आधी कुठे जाईल हेच माहीत नसेल, तर कुठली गुहा सोपी ठेवायची आणि कुठली अवघड? तोडगा असा निघाला की, शत्रू खेळाडूची लेव्हल बघूनच समोर यावेत. सुरुवातीला रानात लांडगे भेटतात, पुढे त्याच रानात अस्वलं, आणखी पुढे मिनोटॉर. यालाच लेव्हल स्केलिंग म्हणतात. त्यामुळे कुठेही गेलात तरी लढत बरोबरीची.

कागदावर हे नामी वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते रस्त्यावरच्या एका दरोडेखोराकडे बघून कळतं. हा वाट अडवून शंभर सोन्याची नाणी मागतो. पहिल्या लेव्हलला त्याच्या अंगावर साधं कातडी चिलखत असतं आणि त्याची मागणी पटते. विसाव्या लेव्हलच्या पुढे हाच इसम काचेच्या चिलखतात उभा राहतो. या जगात ‘काच’ म्हणजे हिरवट रंगाचं दुर्मीळ खनिज. त्याचं चिलखत हजारो नाण्यांना विकलं जातं. अंगावर इतका ऐवज असलेला माणूस शंभर नाण्यांसाठी ऊन-पावसात का उभा राहील? खेळाडूच्या मनात हा प्रश्न आला, की त्या जगावरचा विश्वास तिथेच उडतो. ते जग आपल्यासाठी मांडलेला देखावा आहे, हे उघडं पडतं.

त्याहून मोठी गोची लेव्हल वाढवण्याच्या पद्धतीत होती. सात मुख्य कौशल्यांमध्ये मिळून दहा पायऱ्या चढलात आणि झोपलात, की लेव्हल वाढे. त्या वेळी तीन गुणधर्म निवडून वाढवता येत. कुठला गुणधर्म किती वाढणार, हे त्याच्याशी जोडलेली कौशल्यं दरम्यान किती वापरली यावर ठरे. कमीत कमी एक, जास्तीत जास्त पाच. आता समजा, तुम्ही मनापासून तुमची भूमिका जगलात. लोकांशी गोड बोललात, कुलपं उघडलीत, बाजारात घासाघीस केलीत. ही कौशल्यं मुख्य यादीत असतील तर लेव्हल भराभर वाढणार, पण तलवारीच्या हाताला जोर नाही. शत्रू मात्र तुमची लेव्हल बघतात, तलवारीचा हात बघत नाहीत. पगार वाढावा आणि त्याहून जास्त महागाई वाढावी, तसा हा प्रकार. लेव्हल जितकी वर, तितका खेळाडू दुबळा.

खेळाडूंनी यावर जी शक्कल लढवली ती या पद्धतीची पावतीच आहे. जी कौशल्यं कधी वापरायचीच नाहीत ती मुद्दाम मुख्य म्हणून निवडायची, म्हणजे लेव्हल ताब्यात राहते. क्व्हाच शहरापुढचं ऑब्लिव्हियनचं, म्हणजे राक्षसांच्या लोकाचं, दार लेव्हल कमी असतानाच उरकून टाकायचं, कारण उशीर केला तर आत फारच जड राक्षस भेटतात. ज्या खेळात बळ कमावणं हीच मुख्य गोडी, तिथे लोक बळ टाळायला शिकले! ‘ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ हा चाहत्यांनी बनवलेला मॉड तेव्हा इतका गाजला, कारण त्याने शत्रूंना पुन्हा आपापल्या जागी आणि आपापल्या ताकदीला बसवलं. २०२५ च्या रीमास्टरमध्ये कंपनीनेही लेव्हलची पद्धत बदलली. आता प्रत्येक लेव्हलला बारा गुण हातात मिळतात आणि आकडेमोडीची शिक्षा संपली. ‘स्कायरिम’ने (२०११) आधीच मधला मार्ग काढला होता. तिथे ठिकाणांना किमान लेव्हल असते, काहींना कमालही, आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हाच ती पक्की होते.

दुसरं टोक ‘डायब्लो ३’चं. तिथे ग्रेटर रिफ्ट नावाच्या चढत्या आव्हानाच्या १५० पायऱ्या आहेत आणि दर पायरीला राक्षसांची हेल्थ १७ टक्क्यांनी वाढते. सतरा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही चक्रवाढ आहे. साडेचार पायऱ्यांत हेल्थ दुप्पट होते. पहिल्या पायरीपासून दीडशेव्या पायरीपर्यंत गुणत गेलात, तर ती चौदाशे कोटी पटीच्याही पुढे जाते. या वाढीला पुरं पडायचं म्हणून सेटच्या वस्तू डॅमेज हजारो टक्क्यांनी वाढवू लागल्या आणि पडद्यावर लाख कोटींचे आकडे उडू लागले. इतक्या मोठ्या आकड्यांना डोळा सरावतो आणि मग वाढ जाणवतच नाही. मात्र एक गोष्ट ‘डायब्लो ३’च्या बाजूने सांगायला हवी. इथे कितव्या पायरीवर जायचं हे खेळाडू स्वतः ठरवतो. शिडी उघड आहे, लपवलेली नाही.

माझ्या मते या प्रश्नाचं सर्वांत समंजस उत्तर ‘एल्डन रिंग’ने (२०२२) दिलं. जग तिथेही मोकळं, पण शत्रू जागचे हलत नाहीत. लिमग्रेव्हमध्ये बाहेर पडताच समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार ट्री सेंटिनल फिरताना दिसतो. नवखा खेळाडू दोन-तीन फटक्यांत गारद. खेळ काही बोलत नाही, पण निरोप पोचतो: आत्ता नको, वळसा घाल. मग खेळाडू दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जातो, रून्स (इथले अनुभवाचे गुण) साठवतो, स्मिदिंग स्टोन वापरून शस्त्र दोन-तीन पायऱ्या वर नेतो, टॉरेंट हा घोडा मिळाल्यावर त्याच्यावरून लढायला शिकतो आणि परत येतो. स्वार तोच, त्याची हेल्थ तीच. बदललेला असतो तो खेळाडू, आणि हा बदल हाताला कळतो.

बळाला लगाम इथेही आहे, पण तो खेळाडूच्या बाजूने लावलाय. व्हिगर हा हेल्थ ठरवणारा गुणधर्म ४० असताना हेल्थ १४५० असते, ६० ला १९००, आणि पुढचे ३९ गुण ओतून ९९ ला पोचलात तर फक्त २१००. म्हणजे वाढ थांबत नाही, मंदावते, आणि खेळाडू दुसऱ्या गुणधर्मांकडे वळतो. याची किंमतही आहे. पुढे गेलेला खेळाडू लिमग्रेव्हच्या न पाहिलेल्या गुहेत शिरला, तर बॉस दोन फटक्यांत पडतो आणि हाती लागलेली वस्तू निरुपयोगी ठरते. ही किंमत मला मान्य आहे. सुरुवातीचा मुलूख सोपा वाटणं, हाच तर कमावलेल्या बळाचा पुरावा.

जून २०२४ मध्ये आलेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या ‘एल्डन रिंग’च्या विस्तारात दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींच्या चमूपुढे नवा पेच होता. खेळाडू वेगवेगळ्या लेव्हलचे येणार, मग अवघडपणा कुणासाठी बेतायचा? त्यांनी विस्तारातल्या नव्या मुलुखापुरतं वेगळं बळ ठेवलं. स्काडूट्रीचे ५० तुकडे त्या मुलुखभर विखुरले आणि ते शोधून वाढणाऱ्या आशीर्वादाच्या २० पायऱ्या केल्या. बरेच जण तुकडे न शोधता थेट बॉससमोर गेले, आपटले आणि फार अवघड म्हणून ओरड झाली. आठवड्याभरात पॅच आला आणि सुरुवातीच्या पायऱ्यांचं बळ वाढवलं गेलं. शत्रू मात्र होते तिथेच राहिले.

ज्यांना सतत बरोबरीची लढत हवी असते त्यांचंही मन राखता येतं. ‘द विचर ३’मध्ये २०१६ साली शत्रूंना खेळाडूच्या लेव्हलला आणण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आला, हवा तर चालू करा, नको तर बंद ठेवा. स्केलिंग असं खेळाडूच्या हातात द्यावं, त्याच्या नकळत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शस्त्रांची लूट या सगळ्यात कुठे बसते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.