पेशीचं मरण, केरॅटिन आणि आपलं तोंड

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. मरण हा आमचा जुनाच विषय. आज मात्र माणसाच्या नव्हे, पेशीच्या मरणाबद्दल बोलायचं आहे. शिरूर-दौंडकडच्या पुष्कळ घरांत अजून मिश्रीची डबी असते, आणि या विषयाचा त्या डबीशी जवळचा संबंध आहे.

केरॅटिन म्हटलं की केस, नखं आठवतात. पण त्वचा, तोंडाचं अस्तर, आतडं, यकृत यांच्या पेशींच्या आतसुद्धा केरॅटिनच्या तंतूंचं जाळं असतं. माणसात केरॅटिनची ५४ जनुकं आहेत. हे तंतू दोन पिळांच्या दोरीसारखे असतात. एका पिळाची दोरी होत नाही, म्हणून केरॅटिनं जोडीनं सांगतात. तोंडाच्या अस्तराच्या तळाशी ५ आणि १४ ही जोडी; यकृतात आणि आतड्याच्या एकपदरी अस्तरात ८ आणि १८ ही जोडी.

आता मरणाकडे येऊ. जुना वाडा दोन प्रकारे जातो. एक तर आपण तो उतरवतो, म्हणजे वासे कापून, माप घेऊन, शेजाऱ्याला इजा न करता. नाहीतर भीमेच्या पुरात तो कोसळतो. पेशीचंही तसंच. बिघडलेली पेशी स्वतःला शिस्तीत उतरवते. त्या वेळी कॅस्पेज नावाची विकरं केरॅटिन १८ ठरलेल्या दोन जागी कापतात. हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. पेशी कोसळून मेली तर केरॅटिन न कापताच रक्तात येतं. म्हणजे रक्तातला वासा कापलेला आहे की अख्खा, हे पाहून पेशी कशी मेली याचा अंदाज करता येतो. यकृताच्या आजारात आणि केमोथेरपीच्या अभ्यासात ही तपासणी वापरली गेली आहे.

पण केरॅटिन म्हणजे नुसता वासा नाही, तो पहारेकरीही आहे. टीएनएफ हा मरणाचा निरोप आणणारा रेणू. ८ किंवा १८ नसलेल्या पेशी त्याच्यापुढे सुमारे शंभरपट सहज मरतात, असं २००० साली दिसलं. यकृतात हा पहारा हवाच. प्रश्न असा, की हाच पहारेकरी भलत्या घरी जाऊन बसला तर?

तोंडाच्या कर्करोगात नेमकं हेच दिसतं. गालाच्या आतल्या अस्तरात ज्यांचं काम नाही ती ८ आणि १८ तिथे उगवतात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं हा धागा वर्षानुवर्षं धरून ठेवला. कर्करोग नसलेल्या तोंडाच्या पेशींत केरॅटिन ८ घातलं, तर त्या कर्कपेशींसारख्या वागू लागल्या. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये उलट बाजू आली: तोंडाच्या कर्कपेशींतून ८ कमी केलं, तर त्यांची हालचाल, घुसखोरी आणि गाठ करण्याची ताकद घटली. म्हणजे हे केरॅटिन रोगाची नुसती खूण नाही, रोगाला हातभार लावणारं आहे.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, जी पेशी वेळेवर मरायला नकार देते, ती सगळ्या देहाला मरणाकडे नेते.

आता आपल्या कामाचं. मिश्री, तंबाखू लावण्याच्या जागी तोंडात पांढरा चट्टा येतो. तो पांढरेपणा बहुतेक वेळा केरॅटिनच्या जाड थराचाच असतो. सततच्या त्रासाला अस्तर दिलेलं ते उत्तर आहे. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. लाल चट्टा तर जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा चट्टा, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यांपैकी काहीही असलं तर डॉक्टरांना दाखवा. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या समजापायी थांबू नका. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. घरातल्या डबीवरची बंदी मात्र आपणच घालायची आहे.

आज घरी गेल्यावर आईचं, आजीचं तोंड उजेडात एकदा बघा. इथे थांबतो.