जुन्या सायकलीचा नवा रंग

जुन्या पोलादी सायकलीच्या सांगाड्याला घरी रंग देताना खरे कष्ट रंगाचे नसून पूर्वतयारीचे असतात, कारण गंजावर किंवा तेलकट पृष्ठभागावर चढवलेला रंग कितीही महाग असला तरी पापुद्रे धरून सुटतो. सुटे भाग उतरवल्यावर प्रथम खडबडीत, मग ३२० किंवा ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर वापरावा (क्रमांक जितका मोठा तितका कागद गुळगुळीत). जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने घासकाम पाणी लावूनच करणे श्रेयस्कर. नळ्यांच्या जोडांवरील खाचा आणि पेडलच्या दांड्यांना जोडणारा आस बसतो त्या नळकांड्याखालचा भाग येथे हटकून गंज दडतो, आणि नेमका तोच घाईत राहून जातो. मग थिनरने पुसून प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा व वरच्या रंगाला आधार देणारा अस्तराचा थर, द्यावा. बेअरिंगच्या वाट्या व आटे मात्र चिकटपट्टीने झाकावेत, अन्यथा रंगाच्या थरामुळे जोडणीच अडते. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात केव्हाही सरस. जाड रंग ओघळतो आणि आतून ओलाच राहतो. कोकणातील पावसाळी दमट हवेत तर हे काम काढूच नये. एनॅमल वरून सुकले तरी पूर्ण कडक व्हायला अनेक दिवस लागतात.