गाठ, जखम आणि काळी माती

पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये असलेल्या चुडाव्याच्या शिवारात, परभणी जिल्ह्यातल्या इतर काळ्या रानांप्रमाणेच, सोयाबीन पेरण्याआधी रायझोबियम जिवाणूंची बीजप्रक्रिया करावी असे कृषितज्ज्ञ सांगतात. प्रमाण साधे आहे : दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक. म्हणजे शेतकरी पैसे मोजून जिवाणू रानात नेतो. आणि त्याच रानात पायात काटा खोल रुतला, तर जिवाणूंच्याच भीतीने धनुर्वाताचे इंजेक्शन घेतो. दोन्ही गोष्टी बरोबरच आहेत. म्हणूनच ‘चांगले जिवाणू, वाईट जिवाणू’ ही शाळेत शिकलेली वाटणी मला अपुरी वाटते. जिवाणू कोणत्या कुळातला आहे, याइतकेच त्याला कोणती जागा मिळाली हेही महत्त्वाचे असते.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हा नत्र बांधायला प्रचंड दाब आणि शेकडो अंशांची उष्णता लागते. रायझोबियम तेच काम मातीच्या साध्या तापमानात करतो. अडचण एकच, की त्याचे नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून सोयाबीन त्याला मुळावर गाठ बांधून देते आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले एक लालसर प्रथिन वापरून आतला मोकळा प्राणवायू अगदी कमी ठेवते. चिरलेली गाठ आतून गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असे समजावे. संवर्धक लावूनही फरक दिसत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पाकीट उन्हात तापले, मुदत उलटली किंवा बुरशीनाशकात कालवले, तर जिवाणू पेरणीआधीच मरतात. भरपूर युरिया मिळाला तर झाडही गाठी कमी धरते. मग दोष जिवाणूचा कसा?

धनुर्वाताच्या जिवाणूलाही प्राणवायू नको असतो. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात आणि तिथे कुणाला इजा करत नाहीत. खोल, बंद जखमेत मात्र ते रुजतात आणि स्नायू आखडवणारे विष तयार करतात. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे साऱ्या गावाने लस घेतली तरी न घेतलेला एकटा सुरक्षित होत नाही.

जागेचा हा नियम जिवाणूंनी बनवलेल्या औषधांनाही लागू पडतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंचा. याच कुळातून 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हाती आले, क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले बुरशीविरोधी हमायसिनही याच कुळाची देणगी. ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे. पुढे तेच स्ट्रेप्टोमायसिन कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यावर फवारले जाऊ लागले. मातीत प्रतिजैविके मुळातच असतात, मग फवारणीने काय बिघडते, असे कुणी विचारील. मातीत ती अत्यल्प असतात, एकेका कणाभोवती. फवारणी सगळ्या रानावर एकदम पडते, दाद न देणारेच जिवाणू मागे उरतात, आणि ही ताकद देणारी जनुके ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. त्या जनुकांना बांध अडवत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ती ओढ्यात, नदीत जाऊ शकतात, आणि तिथून दवाखान्यातल्या रुग्णापर्यंतही.