हसवणाऱ्यांच्या कंपनीतला न्याय

विनोदी कार्यक्रम करणाऱ्या कंपनीचा प्रमुख कसा असतो, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात. एक, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा दिलदार माणूस. दुसरं, लेखकांना रात्रभर बसवून घेणारा, त्यांची ओळन्‌ओळ खोडणारा कडक उस्ताद. पहिल्याला आपण प्रेमळ म्हणतो, दुसऱ्याला थोर. दोन्ही चित्रांत मानधन, करार आणि कामाचे तास कुठेच नसतात. कलाकाराला न्याय मिळतो की नाही, हे मात्र तिथेच ठरतं.

लॉस एंजेलिसमधल्या ‘ड्रॉपआउट’ या कंपनीची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. तिचं मूळ म्हणजे १९९९ साली सुरू झालेली ‘कॉलेजह्यूमर’ ही वेबसाइट. २००६ मध्ये ती आयएसी या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी सॅम राइश तिथे रुजू झाला. छोट्या विनोदी व्हिडिओंनी नाव मिळवलं, पण जाहिरातींचं उत्पन्न आटत गेलं. २०१८ मध्ये वर्गणीवर चालणारी ‘ड्रॉपआउट’ ही सेवा निघाली. जानेवारी २०२० मध्ये आयएसीने पैसा थांबवला, शंभराहून अधिक जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि राइशने कंपनी स्वतःकडे घेतली, तेव्हा हाताशी जेमतेम सात माणसं उरली होती. २०२५ मध्ये या सेवेच्या वर्गणीदारांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. अशा कंपन्यांबद्दल आपल्या मनात जे गैरसमज असतात, त्यातले काही या प्रवासाशी ताडून पाहता येतात.

गैरसमज: धाक असल्याशिवाय चांगला विनोद होत नाही

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक समज. लेखकांच्या खोलीत जीभ सैल सुटलेली असणारच, ज्याला सोसत नाही त्याने या धंद्यात येऊ नये, असं सर्रास बोललं जातं. ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या लेखकांच्या खोलीतल्या अश्लील बोलण्याविरुद्ध तिथल्या एका सहायक कर्मचारी महिलेने दावा लावला होता. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ते बोलणं तिला उद्देशून नव्हतं आणि प्रौढांसाठीची विनोदी मालिका लिहिण्याच्या कामाचा तो भाग होता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण एखादी गोष्ट कायद्यात बसते म्हणजे ती कामासाठी गरजेची असतेच, असं या निकालातून निघत नाही.

विनोद लिहिताना वा उत्स्फूर्तपणे सादर करताना खरं काय लागतं? फसण्याची मुभा. दहा कल्पना मोठ्याने बोलून दाखवल्या तर त्यातली एखादी चालते. ज्या खोलीत पडलेल्या विनोदावर माणसाची खिल्ली उडते, तिथे लोक दहाऐवजी तीनच कल्पना बोलतात आणि त्याही आधी चाललेल्या. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना असं दिसलं, की ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं होतं, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदवल्या जात होत्या. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की तिथली माणसं चूक लपवत नव्हती. विनोदाच्या खोलीलाही हे तंतोतंत लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे.

‘गेम चेंजर’ हा ‘ड्रॉपआउट’चा कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राइश स्वतः सूत्रसंचालक. समोर तीन विनोदी कलाकार. खेळ दर वेळी नवा, आणि नियम कुणालाच आधी सांगितलेले नसतात. खेळता खेळताच ते हुडकायचे. एका भागात आज्ञेच्या आधी ‘सॅम म्हणतो’ आलं तरच ती पाळायची, एवढाच खेळ. सूत्रसंचालक गप्पा मारता मारता सहज काहीतरी करायला सांगतो, स्पर्धक ते करून बसतो आणि गुण जातो. २०२३ मधल्या एका भागात तर कलाकारांना मंचामागच्या प्रतीक्षा खोलीतच कोंडलं आणि तिथून सुटका करून घेणं हाच खेळ ठरला.

कागदावर वाचलं तर हे छळासारखं वाटेल. पण पडद्यावर कलाकार खदखदून हसत असतात, संतापाने ओरडतात ते सूत्रसंचालकाच्याच नावाने, आणि त्याची थट्टा करायला कुणी कचरत नाही. मालकाने मुद्दाम फसवायचं आणि फसणाऱ्याने मोकळेपणाने चिडायचं, हे तेव्हाच जमतं जेव्हा चिडल्यामुळे पुढचं काम जाणार नाही याची खात्री असते. ती खात्री कॅमेऱ्यासमोर तयार करता येत नाही. ती आधीच्या कित्येक दिवसांच्या वागणुकीतून आलेली असते.

गैरसमज: नवोदिताला मंच मिळतो, हाच त्याचा मोबदला

आपल्याकडेही हे वाक्य परकं नाही. नाटकात नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, ठरवण्याची वेळ आली की नव्या पोराला ‘आधी नाव तर होऊ दे’ हे ऐकावं लागतं. या समजाविरुद्धची गाजलेली लढाई १९७९ साली लॉस एंजेलिसमध्येच झाली. सनसेट बुलेव्हार्डवरचा ‘कॉमेडी स्टोअर’ हा क्लब तेव्हा अमेरिकेतल्या स्टँडअप कलाकारांची पंढरी होता. मालकीण मिट्झी शोर यांना विनोदाची पारख जबरदस्त होती. कुणाला कधी मंचावर सोडायचं याचा त्यांचा अंदाज वाखाणला जाई. क्लबमध्ये पेयं आणून देणाऱ्यांना पैसे मिळत, बारमागे उभं राहणाऱ्याला मिळत. ज्यांना ऐकायला लोक तिकीट काढून येत, त्या विनोदवीरांना मात्र काही मिळत नसे. ही आमची शाळा आहे, इथे तुम्ही शिकता आणि टीव्हीवाल्यांच्या नजरेत येता, असा शोर यांचा युक्तिवाद होता.

विनोदवीर टॉम ड्रीसन यांच्या पुढाकाराने कलाकारांनी संप केला. पुढे घराघरांत पोचलेले जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन हेही संपकऱ्यांच्या बाजूने होते. जवळपास सहा आठवड्यांनी तोडगा निघाला: एका सादरीकरणाला २५ डॉलर. आकडा छोटा होता, पण विनोद सांगणं हे काम आहे आणि त्याचा दाम द्यावा लागतो, हे त्यातून मान्य झालं.

शोर क्रूर होत्या असं मला म्हणायचं नाही. कलाकारांवर त्यांचा जीव होता, अनेकांना त्यांनी घडवलं. तरीही व्यवस्था अन्यायाचीच होती. माया आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संपातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून क्वचितच होत असेल.

‘ड्रॉपआउट’ने यात एक पाऊल पुढे टाकलं. ऑडिशन देणाऱ्यालाही ही कंपनी पैसे देते. तो निवडला गेला नाही तरी त्याने तयारी केली, वेळ दिला, म्हणून. शिवाय २०२३ च्या नफ्यातला वाटा त्या वर्षी कंपनीकडून एक डॉलर जरी कमावलेला असेल अशा प्रत्येकाला दिला गेला. पडद्यावरचे चेहरे, कॅमेऱ्यामागची माणसं, सगळे त्यात आले. मनोरंजनाच्या धंद्यात निर्मात्याचा नफा आणि दिवसाच्या रोजावर येणारा कामगार यांची गाठ कधी पडत नाही. ती इथे पडली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

गैरसमज: असा चांगुलपणा धंद्याला परवडत नाही

परवडतो, पण आपोआप नाही. त्यासाठी धंद्याची रचनाच तशी करावी लागते. लिहून, सजवून, चित्रित करून होणारं छोटं प्रहसन मिनिटामागे महाग पडतं. राइशने हळूहळू भर दिला तो खेळ, गप्पा आणि उत्स्फूर्त सादरीकरणावर. एक सेट, काही हजरजबाबी माणसं आणि चांगली कल्पना एवढ्यावर भाग उभा राहतो. टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळायच्या खेळावर आधारलेला ‘डायमेन्शन २०’ तर इतका लोकप्रिय झाला, की जानेवारी २०२५ मध्ये त्याचा प्रयोग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला.

दुसरं म्हणजे उत्पन्न थेट प्रेक्षकाकडून येतं. फेसबुकच्या भरवशावर व्हिडिओ करण्याची किंमत ‘कॉलेजह्यूमर’च्या पिढीतल्या अनेक कंपन्यांनी मोजली. लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचे आकडे आपण फुगवून दाखवले, हे फेसबुकला २०१६ मध्ये कबूल करावं लागलं होतं. वर्गणीदाराशी मात्र थेट नातं राहतं. २०२५ मध्ये वर्गणी महिना ६.९९ डॉलर झाली, तेव्हा जुन्या वर्गणीदारांचा दर तसाच ठेवला गेला. पासवर्ड मित्राला दिलात तरी चालेल, असं ही कंपनी उघडपणे सांगते. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये नेमकी उलटी वाट धरली आणि त्यांचेही वर्गणीदार वाढलेच. म्हणजे कडकपणाही चालतो. पण फक्त तोच चालतो, हा दावा मात्र टिकत नाही.

गैरसमज: प्रेमळ मालक कुणाला कधी कामावरून काढत नाही

२०२० ची नोकरकपात आठवा. पैसा थांबवण्याचा निर्णय आयएसीचा होता, पण घरी गेले ते राइशचेच सहकारी. चांगल्या नेतृत्वाखालीही कंपनी आकसते. तेव्हा बघायचं असतं ते हे, की माणसांना खरं कारण सांगितलं का, आणि दिवस पालटल्यावर त्यांची आठवण राहिली का. त्या काळातले काही चेहरे पुढे ‘ड्रॉपआउट’च्या कार्यक्रमांत पुन्हा दिसले.

गैरसमज: माणूस चांगला मिळाला की झालं

इथे ‘ड्रॉपआउट’च्या चाहत्यांशी माझा थोडा मतभेद आहे. राइशवर लोक जीव टाकतात. क्लिंटन यांच्या काळात अमेरिकेचे कामगारमंत्री असलेल्या रॉबर्ट राइश यांचा तो मुलगा, म्हणून कामगारांची बाजू त्याला घरातूनच मिळाली, असंही म्हणतात. असेल. पण ‘ड्रॉपआउट’ ही काही सहकारी संस्था नाही. मोठा हिस्सा राइशकडे आहे, आयएसीनेही लहान वाटा राखला होता. नफ्यातला वाटा मालकाने मनाने दिलेला आहे. उद्या मालकी बदलली, तर नव्या मालकाने तो द्यायलाच हवा असं त्यात काही नाही. शिकागोची ‘सेकंड सिटी’ ही १९५९ पासूनची नामवंत विनोदी नाट्यसंस्था २०२१ मध्ये एका गुंतवणूक कंपनीला विकली गेली. विनोदी संस्थांचे मालक बदलतात.

म्हणून २०२३ च्या संपातलं राइशचं वागणं मला नफावाटपाहूनही मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या अभिनेत्यांची संघटना त्या वर्षी संपावर गेली तेव्हा त्याने आधी काम थांबवलं. आपले कार्यक्रम संपाच्या कक्षेबाहेरच्या करारात येतात हे पक्कं झाल्यावरच ते पुन्हा सुरू केलं. संघटनेशी झालेला करार मालकाच्या स्वभावावर अवलंबून नसतो. १९७९ मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’च्या दाराशी फलक घेऊन उभ्या राहिलेल्यांनी हेच मागितलं होतं, आणि त्यांच्या त्या तोडग्यानंतर इतर क्लबांनाही कलाकारांचे पैसे मोजावे लागले.