भागीदारी सोडलेला गायक

भागीदार बाहेर पडला, की नाव पेढीकडेच राहते आणि जाणाऱ्याला आपली पत नव्याने उभारावी लागते. वर्गात हे शिकवताना मला हटकून आठवतो तो इंग्रज गायक पीटर गेब्रियल. १९७५ मध्ये त्याने ‘जेनेसिस’ हा रॉक वाद्यवृंद सोडला. आता हा वृंद बुडणार, असेच अनेकांना वाटले. पण तालवादक फिल कॉलिन्स गाऊ लागला आणि वृंदाची १९७६ ची ध्वनिमुद्रिका आधीच्यांहून अधिक खपली!

गेब्रियलची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये निघाली. तिला त्याने नाव दिले ते केवळ स्वतःचे. पुढच्या तिहींनाही तेच, मासिकाच्या अंकांसारखे. यात कोणाला अहंकार दिसेल. परंतु मागे सोडलेली पत स्वतःच्या खात्यावर जमा करण्याचा याहून सरळ मार्ग कोणता? १९८० ची तिसरी ध्वनिमुद्रिका त्याच्या अमेरिकन कंपनीने नाकारली. दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीत बळी गेलेल्या स्टीव्ह बिकोवरील गीत तिच्यातच आहे. ब्रिटनमध्ये मात्र ती खपाच्या यादीत पहिली आली. बाजाराची पारख व्यापाऱ्यालाच असते, हे आपण उगाच गृहीत धरतो.

१९८२ मध्ये देशोदेशींच्या संगीताचा महोत्सव भरवण्याच्या पायी तो आणि त्याचे सहकारी कर्जबाजारी झाले. तेव्हा धावून आले ते जुने भागीदारच. त्याच ऑक्टोबरात मिल्टन कीन्स येथे ते त्याच्यासह पुन्हा रंगमंचावर उभे राहिले आणि त्या उत्पन्नातून देणे भागवण्यास त्यांनी हात दिला. त्या दिवशी पाऊस कोसळत होता.