सबमिट दाबल्यावर पुढे काय?

फराळाची ऑर्डर, क्लासचा प्रवेश, ट्रेकची नोंदणी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची वर्गणी... सगळ्यालाच आता वेबसाइटवर फॉर्म लागतो. साइट वर्डप्रेसवर असेल तर फॉर्म बनवून देणाऱ्या प्लगइनची भलीमोठी रांग समोर येते आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तेच: माउसने रकाना उचला, हवा तिथे सोडा, झाला फॉर्म. हे आजकाल सगळ्यांनाच जमतं, त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते पुढचं. भरणाऱ्याने 'सबमिट' दाबलं की माहिती जाते कुठे?

कॉन्टॅक्ट फॉर्म ७ घ्या. जपानच्या ताकायुकी मियोशी यांनी २००७मध्ये आणलेलं हे फुकट प्लगइन आजही लाखो साइटवर आहे. हलकं आहे, भरवशाचं आहे. पण आलेली माहिती ईमेलने पाठवली की ते मोकळं. स्वतःकडे काही ठेवत नाही. नोंद हवी तर मियोशींचंच फ्लेमिंगो हे वेगळं प्लगइन बसवावं लागतं. डब्ल्यूपीफॉर्म्सच्या मोफत आवृत्तीतही आलेले अर्ज डॅशबोर्डवर उघडून बघता येत नाहीत, ती सोय पैसे भरल्यावर.

मग भिस्त राहते ईमेलवर आणि घोळ तिथेच होतो. काही वेगळी व्यवस्था केली नसेल तर वर्डप्रेस होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच मेल सोडतं. त्यामागे डोमेनची एसपीएफ किंवा डीकेआयएम नोंद नसेल, तर मेल खरोखर तुमच्याच साइटवरून आलाय याची जीमेलला खात्री पटत नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने हे नियम आणखी कडक केले. मेल स्पॅममध्ये पडतो, कधी पोचतच नाही. ऑर्डर देणाऱ्याला मात्र पडद्यावर 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू' असं दिसलेलं असतं. तो वाट बघतो आणि मालक म्हणतो, यंदा वेबसाइटवरून काही येतच नाही! तेव्हा विकणाऱ्याला आधी हे विचारा, की मेल गेला नाही तरी अर्ज डॅशबोर्डवर सापडेल का, आणि एसएमटीपीने, म्हणजे होस्टिंगच्या सर्व्हरऐवजी रीतसर ईमेल खात्यामार्फत, मेल पाठवण्याची सोय यातच आहे की तीही वेगळी घ्यायची.

पैसे घ्यायचे असतील तर 'पेमेंटची सोय आहे' एवढ्यावर भुलू नका. परदेशी प्लगइनमध्ये ही सोय म्हणजे बहुधा पेपाल आणि स्ट्राइप. पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा १ एप्रिल २०२१पासून बंद केली. स्ट्राइप २०२४पासून इथे नवी खाती फक्त निमंत्रणावर देतं. आपल्या गिऱ्हाइकाला यूपीआय लागतं, म्हणजे रेझरपेसारखी जोडणी आली. बांगलादेशातल्या कंपनीच्या फ्लुएंट फॉर्म्समध्ये ती आहे, पण सशुल्क आवृत्तीत.

सर्वांत जास्त वेळ घालवावा तो मराठीच्या चाचणीवर, कारण ही चाचणी आपल्यासाठी दुसरं कुणी करत नाही. तयार साच्यात नावासाठी बहुधा दोनच चौकटी असतात, नाव आणि आडनाव. आपली पद्धत तीन पदांची. पालक वडिलांचं नाव आडनावाच्या चौकटीत कोंबतात आणि प्रवेशाची यादी आडनावाप्रमाणे लावायला गेलं की अर्धा वर्ग 'सुरेश'खाली! पत्त्याच्या साच्यात कित्येकदा अमेरिकेतली राज्यं असतात. कुणी मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत टाकला तर काही प्लगइन तो अवैध ठरवून अर्ज अडवतात. आलेली यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. पावतीची पीडीएफ काढणाऱ्या जोडण्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी: जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. डेमो साइटवर 'शिल्पा ज्ञानेश्वर क्षीरसागर' या नावाने एक अर्ज भरा आणि पावतीपर्यंत जाऊन बघा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

लायसन्सचा हिशेब वर्षाचा आणि बहुधा डॉलरमध्ये. पहिल्या वर्षाच्या सवलतीची किंमत मोठ्या अक्षरात असते. नूतनीकरणाला किती, ते शोधावं लागतं. मुदत संपली तरी फॉर्म साधारणपणे चालत राहतो, बंद होतात ती अद्यतनं, आणि धोका तिथेच असतो. जून २०२२मध्ये निन्जा फॉर्म्समध्ये गंभीर त्रुटी सापडली. दहा लाखांहून अधिक साइटवर ते होतं. वर्डप्रेसने मालकांच्या होकाराची वाट न बघता परस्पर दुरुस्ती बसवायला घेतली. ते वर्डप्रेसच्या स्वतःच्या भांडारातलं होतं म्हणून जमलं. ग्रॅव्हिटी फॉर्म्ससारखं विकतचं प्लगइन त्या भांडारात नसतं, त्याची दुरुस्ती कंपनीकडून येते. म्हणून लायसन्स कुणाच्या नावावर आहे हेही बघा. साइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने धंदा बदलला, तर तुम्ही अडकलात. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या 'क्रॅक' प्रतींच्या तर वाटेलाच जाऊ नये. जुलै २०२५मध्ये खुद्द ग्रॅव्हिटी फॉर्म्सच्या अधिकृत साइटवरून हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत मालवेअर घुसवलेलं निघालं होतं. मग चोरबाजाराची हमी कोण देणार?

आधारची प्रत मागणारा फॉर्म असेल तर ती फाइल सर्व्हरवर नेमकी कुठे पडते, लिंक हाती लागली तर कुणालाही उघडते का, आणि ठरावीक दिवसांनी आपोआप पुसता येते का, हे विचारायलाच हवं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. संमतीसाठी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. म्हणजे संमतीच्या चौकटीजवळचा मजकूर मराठीत बदलता येतो की प्लगइनने तो इंग्रजीत पक्का करून टाकलाय, हाही प्रश्न आला. सोयीचं सोडा, आधार मुळात हवंय का? ट्रेकच्या नोंदणीला बहुतेक वेळा नसतंच.

नाव, फोन आणि निरोप एवढंच हवं असेल तर विकत काही घेऊ नका, फुकटातलं आणि त्याला नोंद ठेवणारी जोड पुरते. घ्यायचंच ठरलं तर परताव्याची मुदत आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी ती १४ किंवा ३० दिवसांची असते, आणि त्या दिवसांत सपोर्टला एक खरी अडचण लिहून पाठवा. उत्तर येतं का, आलं तर माणसाचं येतं की ठोकळेबाज, हे पैसे परत मागता येत असतानाच कळलेलं बरं.