खारीची वर्दी

सकाळी सव्वासातच्या सुमाराला पहिली वर्दी खार देते. रेन ट्रीच्या बुंध्याला उलटी चिकटून, शेपटी झटकत तिचे जे 'चिक् चिक् चिक्' सुरू होते, ते थांबायचे नाव घेत नाही. पाठोपाठ बुलबुल कालवा करतात. तांबटाची टुकटुक मधेच तुटते. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत एक गृहस्थ चहाचा कप कठड्यावर ठेवतात आणि कॅमेरा उचलतात. शिक्रा अजून दिसलेला नाही. पण आलाय, एवढे नक्की.

पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या सोसायटीतली ही रोजची सकाळ. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. भिगवणचे पाणी, सासवडकडचे माळ सगळे त्यांनी पालथे घातले आहे. भोवत्या आणि गरुडांचे चांगले फोटोही त्यांच्याकडे आहेत. वही मात्र भरली ती घरच्या गच्चीवर. लांब जाणाऱ्याला पक्षी दिसतो, त्याचा दिवस दिसत नाही. रोज तेच झाड बघणाऱ्याला शिक्रा कोणत्या फांदीवर बसून भक्ष्याची पिसे उपटतो, हेसुद्धा पाठ होते.

आणि हे बघणे निम्म्याहून जास्त कानांनी होते. शिक्रा जेमतेम पारव्याएवढा. नर वरून राखाडी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा, डोळे लालभडक. मादी त्याच्याहून मोठी, डोळे पिवळट-नारिंगी. घारीसारखा तो तासन्‌तास आभाळात घिरट्या घालत नाही; दाट पानांत दडून बसतो. तिथून सुटला की खाली झेपावतो, चार झपाझप पंख मारतो, मग तरंगतो आणि पुढच्या झाडाशी पोचताच वर उसळून फांदी धरतो. एवढ्या अवधीत त्याला शोधून, फोकस करून टिपणे म्हणजे लॉटरीच. म्हणून आधी खारीचे ऐकायचे, ती कुठे बघते आहे ते पाहायचे, आणि लेन्स तिकडे वळवायची.

कॅमेऱ्याचे गणित वेगळेच. पांढऱ्या आभाळासमोर बसलेला शिक्रा कॅमेऱ्याच्या हिशेबाने कोळशासारखा काळा येतो. तिथे एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावे लागते. तोच उडून गर्द झाडीसमोर आला की ते खाली आणावे लागते, नाहीतर छातीवरच्या रेघा धुऊन निघतात. बसलेल्याला पाचशेचा शटर पुरतो, उडत्याला दोन हजारांच्या पुढे. तो उडणार कधी, हे मात्र पक्षी स्वतःच सांगतो. अंग पुढे झुकते, शेपटी किंचित उचलली जाते, मागून पांढरी पिचकारी सुटते. बहुतेक वेळा पुढच्या काही क्षणांत फांदी रिकामी होते. त्या पिचकारीवर बोट शटरवर गेले नाही, तर हाती लागतो हलत्या डहाळीचा फोटो. असे फोटो गृहस्थांकडे भरपूर आहेत.

एका सकाळी शिक्रा पाण्याच्या टाकीच्या कडेला आला. पंजात सरडा. एक पाय सरड्याच्या मानेवर रोवलेला, दुसऱ्याने कठडा धरलेला, आणि सरड्याची शेपटी अजून वळवळत होती. अंतर वीस फूटही नसेल, म्हणजे सहाशेच्या लेन्ससाठी फारच जवळ. फ्रेममध्ये मावले ते डोके आणि आकडीसारखी चोच. चोचीच्या कडेला सरड्याचा एक खवला चिकटलेला होता.

टेकडीवर ही लेन्स घेऊन गेले की चालायला आलेली माणसे हमखास विचारतात, "काका, बिबट्या दिसला का?" सोसायटीच्या वॉचमनला बिबट्यात रस नाही. तो खालूनच ओरडतो, "साहेब, तुमचा ससाणा आला बघा!" "ससाणा नाही हो, शिक्रा," हे उत्तर चार वर्षे चालू आहे.

घरट्याचा फोटो गृहस्थ काढत नाहीत. वाऱ्यावर डुलणाऱ्या निलगिरीच्या दुबेळक्यात काड्यांचा विस्कटलेला पसारा असतो. त्यात मादी तीन-चार अंडी घालते. माणूस जवळ गेला आणि ती उठली, तर शेजारच्या कावळ्यांना तेवढीच संधी हवी असते. पण तोंडात काडी धरून जाणाऱ्या मादीचा, लांबून काढलेला एक फोटो कामाला आला. पावसाळ्याआधी फांद्या छाटायचा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला, तेव्हा त्यांनी तो मोबाइलवर सगळ्यांना फिरवून दाखवला. पिल्ले उडेपर्यंत निलगिरीला हात लावायचा नाही, असे ठरले. शिक्रा पारवे खाऊन कमी करेल, ही काहींची आशा त्यामागे होती. गृहस्थांनी ती खोडून काढली नाही.

सगळे फोटो असे सुखाचे नसतात. संक्रांतीनंतर टिपलेल्या एका घारीचा फोटो रात्री संगणकावर मोठा केला, तेव्हा पायाला गुंडाळलेला मांजा दिसला. मागे हातभर दोरा लोंबत होता. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. घार त्यानंतरही तीन दिवस वरून फिरताना दिसली, मग दिसली नाही.

मेअखेरीस पिल्ले घरटे सोडतात. तपकिरी, छातीवर उभे फराटे, आणि उडण्याचा अंदाज सगळा चुकीचा. एक जण डिश अँटेनावर उतरायला गेला आणि घसरून मोगऱ्याच्या कुंडीत बसला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खारीने पुन्हा वर्दी दिली. सातभाई गोंधळ घालत झुडपात शिरले. गृहस्थांनी कॅमेरा उचलला. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी, चार पंख मारून तरंगत येणे, वर उसळून फांदी धरणे, सगळे हुबेहूब. पंचवीस-तीस फ्रेम झाल्या. मग लेन्समधून चोच नीट दिसली. सरळ, बिनआकडीची. पायही लेचेपेचे.

तेवढ्यात तो पक्षी ओरडला: 'पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!' पावशा होता. सातभाईंच्या घरट्यात अंडे टाकायला शिक्र्याचा वेश घेऊन फिरणारा. खार अजून ओरडतच होती.